भिंतीचा घाम

पैज लागली ती भिंतीला घाम येतो का, यावर. लोक बैलावर लावतात, बोटीवर लावतात, आम्ही लावली पोस्टकार्डाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यावर. झालं असं, की गणपती पाण्यात गेल्यावर मी पश्चिमेकडच्या खोलीचा जुना मातीचा गिलावा उतरवून सिमेंटचा करून घेतला आणि रंगासाठी लवूला बोलावलं. लवू आमच्याच आवाठातला, म्हणजे वाडीतला पेंटर, सावकाश माणूस, ब्रश धुताना पण विचार करतो. दिवाळीनंतरच्या रविवारी कसालचे पावणे येणार होते, माझ्या लेकीचा, अक्षयाचा साखरपुडा, आणि पाट मांडायचे ते याच खोलीत. लवूनं भिंतीला तळवा लावला, मग गाल लावला, डोळे मिटले आणि सांगितलं की ही अजून पाणी धरून आहे. आत्ता वरून सील मारलं तर पाणी आत कोंडतं, आणि कोंडलेलं पाणी गप्प बसत नाही, फुगे काढतं, पापुद्रे सोडतं, आणि नेमकं पावणे टेकून बसल्यावर सोडतं. मग त्यानं प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला. उद्या आतून दव दिसलं तर भिंतीला घाम येतोय, म्हणजे थांबायचं. नाही दिसलं तर पॉलिश पेपर घेऊन घासायला सुरुवात. तेवढ्यात दारात दत्ताराम उभा होता, आमचा शेजारी, कानामागे जाळं विणायची सुई खोचलेली. तो म्हणाला, पंधरा दिसांनी पण ही सुकाची नाय. मी म्हटलं, आठ दिवसांत खडखडीत. तो म्हणाला नाय, मी म्हटलं व्हय, आणि सौंदाळ्यांची पाटी घेऊन दारात टेकलेली मासेवाली हिरा म्हणाली की दोघे बापये भिंतीवरून भांडताय तर पैज तरी लावा, माझो तरी वेळ जांव दे. मग ठरलं. लवूनं रोज नवा तुकडा लावायचा. पंधराव्या सकाळी तुकड्याच्या आत एक थेंब जरी असला तर मी हरलो. हरेल त्यानं त्याच दिवशी, बुधवारी, मासळी बाजारात हिराच्या पाटीसमोर उभं राहून भरलेली बादली स्वतःच्या डोक्यावर ओतायची. सगळ्यात मोठ्यानं हसलो मीच.

हसणार नाही तर काय. मी बाबली, जेटीवर पर्यटकांना किल्ल्याच्या बोटीत बसवतो, आणि या बंदरात मला फसवलेला माणूस अजून दाखवायचाय. उलट मी फसवलेले दाखवायचे तर रांग लागेल. ग्रामसेवकाचा आवाज काढून अख्ख्या वाडीला एकदा रेशनकार्डं घेऊन देवळात बसवलं होतं दुपारभर. पुण्याच्या एका कुटुंबाला सांगितलं की बोटीत चढताना उजवा पाय आधी टाकला नाही तर नाव डुलते, तर त्यातली आजी पाय बदलायला तीनदा खाली उतरली. आवाज काढायची माझी एक रीत आहे. सरकारी माणूस बोलायचा असेल तर आधी घसा खाकरायचा, दोनदा, बारीक, जसं काय घशात फाईल अडकलीय. मग शुद्ध भाषा. समोरचा त्या खाकरण्यालाच अर्धा मेलेला असतो. आणि धंद्याचा एक नियम मी पहिल्यापासून पाळत आलोय. समोरचा काय करणार हे कळत नसेल तर त्याच्या जागी आपण काय केलं असतं ते बघायचं. नव्याण्णव वेळा बरोबर येतं. म्हणूनच पैजेच्या चौथ्या दिवशी, वर ऑक्टोबरचं ऊन अंगाची साल काढत असताना, त्या प्लास्टिकच्या आत मोहरीएवढे थेंब ओळीनं बसलेले बघितले तेव्हा मी स्वतःला विचारलं, की दत्तारामच्या जागी मी असतो तर. उत्तर लगेच आलं. बाहेरून रोज बादलीभर पाणी मारलं असतं.

ती भिंत बाहेरून दत्तारामच्या खळ्याकडे, त्याच्या अंगणाकडे तोंड करून आहे. तो दिवसभर तिथेच माडाखाली बसतो, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून, लोकांची फाटलेली जाळी शिवत. आणि शेजारी बादली. जाळ्याचा चिखल धुवायला असते ती, हे मला तीस वर्षं माहीत आहे, पण चौथ्या दिवसापासून ती बादली मला वेगळी दिसायला लागली. सकाळी भरलेली, दुपारी अर्धी. उरलेलं अर्धं पाणी गेलं कुठे. जाळं एवढं पितं का. जेटीवर जाताना मी त्याच्याकडे बघायचो, तो मान वर करून हसायचा. त्याचं हसू पहिल्यापासून असंच, ओठ मिटून, वरचं झाकण लावल्यासारखं. माझ्या कुठल्याही गंमतीवर हा माणूस कधी खो खो हसला नाही आणि कधी चिडलापण नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला यासारखा त्रास नाही. चिडला की कळतं कुठपर्यंत पोचलो ते. हा नुसता बघतो. पाचव्या दिवशी तो वईपाशी, मधल्या कुंपणापाशी आला आणि म्हणाला, "बाबल्या, ती झड काढ आता. पावस गेलो, भिंतीक वारो लागांदे." झड म्हणजे आमच्याकडे पावसाच्या आधी बाहेरच्या भिंतीला माडाच्या विणलेल्या चुडतांचा, झावळ्यांचा पडदा बांधतात तो, समुद्राकडून आडवा येणारा पाऊस भिंतीला झोडपू नये म्हणून. पाऊस संपला की काढायची. सगळ्यांनी काढल्या होत्या, माझीच राहिली होती. त्यानं तसं म्हटलं आणि माझ्या डोक्यात ट्यूबलाईट लागली. झड आहे तोवर पाणी मारलं तर चुडतांवर पडणार, आवाज होणार. झड काढली की भिंत उघडी. म्हणजे याला भिंत उघडी हवीय. मी म्हटलं, काढतो की, घाई काय. आणि मनात ठरवलं की मेलो तरी काढायची नाही.

दुसऱ्याच दिवशी लवू पण तेच म्हणाला, झड काढा काकानू, भिंतीला श्वास घेऊ दे. दोघे एकच वाक्य बोलतात म्हणजे दोघांनी एकत्र बसून ठरवलंय. लवूला मी त्या दिवशी नको ते बोललो. म्हटलं, किती दिले दत्तानं तुला. त्यानं चिकटपट्टीचं रीळ खिशात घातलं, आणि जाताना फक्त सांगितलं की देवगडला एका आंबेवाल्याच्या बंगल्याचं काम त्याला कधीपासून बोलावतंय, इथे विश्वास नसेल तर तो उद्यापासून तिकडे जाईल. सावित्रीनं, माझ्या बायकोनं, त्याला चहा देऊन थांबवलं. तिनंच थांबवलं हेही मी नोंदवून ठेवलं. कारण त्या दिवसांत मी सगळंच नोंदवत होतो. सावित्री वईवरून दत्तारामला चहाचा पेला देते, तो हात पुसून घेतो, दोघं काहीतरी बोलतात आणि मी दिसलो की गप्प. पूर्वीपासून बोलत असतील, पण पूर्वी मला ते गप्प होणं ऐकू यायचं नाही. रात्री अक्षया विचारायची, बाबा, भिंतीचं काय, कसालहून सुशांतच्या आईनं आधीच विचारलंय खोली केवढी आहे ते. मी म्हणायचो, होतंय. भिंतीवर पांढरा लोणा फुटायला लागला होता खाली, मिठासारखा, बोटाला लावून जिभेवर घेतला तर खारट. माझ्याच भिंतीची चव मी घेत होतो आणि मला वाटत होतं की यात पण कुणाचा तरी हात आहे.

सातव्या दिवसापासून मी जेटीवरून दुपारी लवकर यायला लागलो. वहाणा हातात घेऊन मागच्या बाजूनं, न्हाणीच्या कडेनं, आणि झड आणि भिंत यांच्यामध्ये जो हातभर बोळ असतो त्यात शिरायचो. उभं राहायचं, पाठ भिंतीला, तोंड चुडतांना, आणि विणीच्या फटींतून दत्ताराम. बावन्न वर्षांचा माणूस, पण मला लहानपणी लपाछपीत लपल्यासारखी गुदगुली होत होती पोटात. पहिले दोन दिवस. मग गुदगुली गेली. फटीतून माणूस तुकड्यातुकड्यांत दिसतो, एका फटीत हात, एका फटीत गुडघा, एका फटीत अर्धा चेहरा. गाठ मारतो, दातानं धागा तोडतो, पुढची गाठ. कधी उठतो आणि मी श्वास रोखतो, तर तो नुसता माडाला टेकून पाठ मोडतो आणि परत बसतो. बादलीला हात लावतो तर जाळं बुचकळायला. एकदा तो एकदम मान वर करून सरळ माझ्याकडे बघत राहिला, म्हणजे झडीकडे, बराच वेळ, आणि माझ्या पाठीतून गार काहीतरी उतरलं. ते गार काय होतं हे मी त्या दिवशी तपासलं नाही. मला वाटलं भीती. आणि भीती कसली, तर ती पैजेची नव्हती. हे मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं, आणि कळू नये म्हणून मी गाठी मोजत होतो.

पंचवीस वर्षं झाली. दत्तारामनं तेव्हा कुठल्यातरी सरकारी ऑफिसात कारकुनीसाठी अर्ज केला होता आणि रोज पोस्टमनची वाट बघायचा, इतकी की बघवत नव्हतं. किंवा गंमत वाटत होती. दोन्ही असेल. मी बाजारातल्या एसटीडी बूथवरून आमच्या नाक्यावरच्या दुकानात फोन लावला आणि दत्ताराम यांना बोलवा म्हटलं. तो धावत आला, धापा टाकत होता ते मला तारेतून ऐकू येत होतं. मी घसा खाकरला, दोनदा. "नमस्कार, रत्नागिरीहून बोलतोय. आपली सर्व मूळ प्रमाणपत्रं घेऊन उद्या सकाळी अकरा वाजता हजर राहावं." तो म्हणाला, हो साहेब. इतकंच. माझा बेत असा, आणि तो मी रात्री सावित्रीलाही हसत सांगितला, की पहाटे तो एसटी स्टँडवर नवा शर्ट घालून उभा राहील तेव्हा आपण जाऊन घसा खाकरायचा. पण मी पहाटे उठलोच नाही. झोप लागली. एवढंच कारण, दुसरं काही नाही, कुणाला सांगितलं तर पटणार नाही. गाडी गेली, दत्ताराम गेला, आणि त्याच दुपारी त्याची आई, आनंदीकाकी, जी चार महिने अंथरुणावर होती आणि डोळ्यांनी जवळजवळ गेली होती, तिचं जास्त झालं. घरात दुसरं कोणी नाही. मीच बसलो होतो उशाशी. ती विचारायची, दत्ता इलो. मी म्हणायचो, वाटेर आसा काकी. परत विचारायची. पाचव्यांदा की सहाव्यांदा विचारलं तेव्हा मी दत्तारामच्या आवाजात म्हटलं, "इलंय गो आये." तिनं हात वर केला, माझ्या गालावरून फिरवला, तोंड उघडलं. मी पळीनं पाणी घातलं. दोन पळ्या गेल्या, तिसरी ओघळली. उंबऱ्यात सावित्री उभी होती, लग्नाला तीन महिने झालेले तेव्हा, तिनं पदर तोंडाशी धरला होता. आम्ही दोघं त्यावर पुढे एक अक्षर बोललो नाही.

दत्ताराम रात्रीच्या गाडीनं परत आला, तिथे त्याचं नाव कुठल्या यादीत नव्हतं. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला की तू होतंस म्हणान बरा झाला. तेव्हापासून दर चतुर्थीला पहिला मोदक माझ्याकडे येतो, त्याच्या जाळ्यात काही चांगलं आलं की आधी माझ्या दारात. पंचवीस वर्षं मी त्याचा बांगडा खातोय आणि काटा तपासतोय. कारण माझा नियम. त्याच्या जागी मी असतो आणि मला कळलं असतं, तर मी काय केलं असतं. मी असाच गोड राहिलो असतो, वर्षानुवर्षं, आणि एक दिवस, ज्या दिवशी समोरच्याच्या घरी सगळ्यात मोठं कार्य असेल त्या दिवशी, त्याची भिंत पाडली असती. बादलीनं. चोरून. आता तुम्ही म्हणाल एवढ्या वर्षांनी कोण असं करतो. मी केलं असतं.

चौदाव्या दिवशी, मंगळवारी, दुपारचे दोन असतील, मी बोळात उभा होतो आणि दत्ताराम उठला. या वेळी त्यानं पाठ मोडली नाही. घरात गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात कोयता होता. इकडेतिकडे बघितलं, अगदी चोरासारखं, वई ओलांडली आणि सरळ झडीकडे यायला लागला. एका फटीत कोयता, एका फटीत पाय. मी मागे सरकलो तशी पाठ भिंतीला घट्ट चिकटली, आणि त्या क्षणी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, मला माझ्या पाठीवरचा शर्ट कळला. ओला. नुसता दमट नाही, पिळला तर थेंब पडेल असा. हात मागे नेऊन भिंत चाचपली. गार, बुळबुळीत, शेवाळ धरलेली, चार महिन्यांचा पाऊस तसाच्या तसा. चुडतं आतून काळी पडली होती, ऊन नाही, वारा नाही, आणि मध्ये रोज दुपारी घामेजलेला एक माणूस, म्हणजे मी. दत्ता बाहेरून पाणी मारील म्हणून मी ठेवलेला पडदा, आणि त्याच पडद्यानं आत सगळं पाणी धरून ठेवलेलं. तेवढ्यात कोयत्याचा आवाज झाला, सुंभाची दोरी तुटली, वरची बाजू पुढे झुकली आणि मी उन्हात उभा, हातात वहाणा.

दत्ताराम दचकला नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "हयसर काय करतंस?" मी म्हटलं, तू काय करतोयस. तो म्हणाला, "झड काढतंय. तुका चार वेळा सांगलंय, तू काढणस नाय. चेडवाचो साखरपुडो आसा मरे, भिंत सुकाक नको?" मी म्हटलं, अरे पण सुकली तर तू हरतोस. तो म्हणाला, मगे हरान. एक बादली काय, आंघोळ ती रोजच करतंय. आणि दुसरी दोरी कापायला वळला. मी तिथेच उभा. मला विश्वास ठेवायचा होता, पण तो ठेवतात कसा ते हाताला सापडत नव्हतं. वाटलं ही पण चाल असेल. एका दिवसात भिंत थोडीच सुकणार, त्याला माहीतच असणार की आता उशीर झालाय. मग मी पण एक बाजू धरली, दोघांनी मिळून झड वईपर्यंत ओढत नेली, आणि बाहेरची भिंत चार महिन्यांनी उन्हात आली, हिरवीगार, एखादं आजारी जनावर बाहेर बांधल्यासारखी.

पंधराव्या सकाळी लवू यायच्या आधी मी एकटाच खोलीत होतो. तुकड्याच्या आत थेंब होते, पण थोडे, सात. चिकटपट्टीचा एक कोपरा सुटा होता. बोट घातलं असतं, पुसून घेतलं असतं, कोपरा दाबला असता, संपलं. असली कामं मी डोळे मिटून केलीत. बोट कोपऱ्यापर्यंत गेलंसुद्धा. मागे सावित्री उभी आहे हे मला न बघता कळलं, तशीच उंबऱ्यात, पंचवीस वर्षांपूर्वीसारखी. मी बोट काढून घेतलं आणि लवूला हाक मारली. त्याची माफी मागितली तर तो म्हणाला, आता दहा दिवस ऊन आणि वारा मिळाला की लोणा घासून, चिरा लांबीनं, म्हणजे पुट्टीनं भरून, सील मारता येईल, रंगाला दोन दिवस पुरे, साखरपुडा चुकत नाही. देवगडवाल्याला त्यानं दिवाळीनंतरचं सांगून ठेवलं होतं. कधी सांगितलं विचारलं तर म्हणाला, तुम्ही बोललात त्याच दिवशी.

अकरा वाजता मासळी बाजार भरलेला होता. बुधवार, त्यात सुरमई स्वस्त, म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. हिरानं पाटीसमोर जागा करून ठेवली होती आणि शेजारणींना पण सांगून ठेवलं होतं, बघता बघता साठ-सत्तर माणसं जमली. ज्यांना मी रेशनकार्डं घेऊन देवळात बसवलं होतं ते सगळे पहिल्या रांगेत. मी पण रंगात आलो, हात जोडले, शर्ट काढून खांद्यावर टाकला. दत्ताराम नळावरून बादली भरून घेऊन आला. तीच, जाळ्याची. माझ्यासमोर ठेवली, सरळ उभा राहिला, आणि घसा खाकरला. दोनदा, बारीक.

"नमस्कार, रत्नागिरीहून बोलतोय," तो म्हणाला. जन्मात कधी शुद्ध न बोललेला माणूस, आणि आवाज माझा. "आपली सर्व मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर राहावं."

बाजार हसला. त्यांना वाटलं बाबलीची नक्कल केली, आणि झकास केली. मी पण हसल्यासारखं तोंड केलं असणार. कानात नुसता समुद्र वाजत होता. बादली उचलली, डोक्यावर नेली, ओतली. पाण्याला जाळ्याचा वास होता. डोळे उघडले तेव्हा तो अगदी जवळ उभा होता, खांद्यावरचा टॉवेल माझ्याकडे धरून. मी हळूच विचारलं, कधीपासून.

"आयेच्या बाराव्यापासून. तुझ्या सावित्रीन सांगल्यान. मगे मी बूथवाल्याक पण इचारलंय." मग म्हणाला, "पाणी माझ्या आवाजान दिलंस, ता पण तिनाच सांगल्यान."

टॉवेल घ्यायला मी हात पुढे केला तर त्यानं तो मागे घेतला, परत स्वतःच्या खांद्यावर टाकला. रिकामी बादली उचलली, नळाशी गेला, काठोकाठ भरून आणली आणि माझ्या पायाशी ठेवली.

"ती भिंतीची झाली," तो म्हणाला. "आता ही त्या फोनाची."

हिरा ओरडून म्हणाली की दत्ता, ठरलेली एकच, दुसरी कित्याक. पुढच्या रांगेतली माणसं पण म्हणाली, बस्स झाली, सर्दी होईल तेका. दत्तारामनं कुणाकडे बघितलं नाही. मी पण नाही. पायाखालून पहिलं पाणी खवले घेऊन गटाराकडे चाललं होतं. मी वाकलो आणि बादली दोन्ही हातांनी उचलली, आणि ती पहिलीपेक्षा जड होती.